आयकॅनची कागदपत्रं: अर्जही तिच्याकडे, निकालही तिचाच?

नस्ती_उघडा
आपल्याकडे साध्या कागदावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला की माहिती अधिकाराचा अर्ज होतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, मग माहिती आयोग.

आता डोमेन नावांचा जगाचा कारभार पाहणारी आयकॅन बघा. १९९८ साली स्थापन झालेली कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था. सरकारी नाही, म्हणून अमेरिकेचा माहितीचा कायदाही तिला लागत नाही. कागदपत्रं देण्याचं धोरण तिने स्वतःच केलंय. मुदत तिथेही ३० दिवस. पण काय द्यायचं नाही याची यादी तिची, तुमचा कागद त्या यादीत बसतो का हे ठरवणार तीच, आणि फेरविचार मागायचा तो तिच्याच संचालक मंडळाकडे.

कार्ल ऑरबाक तर वापरकर्त्यांच्या मतांवर निवडून आलेले आयकॅनचेच संचालक होते. दप्तर बघू म्हणाले तर आधी अटी मान्य करा! २००२ मध्ये कोर्टात जाऊन जिंकले, तेव्हा कुठे दार उघडलं. घरच्यांची ही गत, तर तुमची-आमची काय.

पोर्ट_त्रेपन्न
सोयीपुरतं सांगताय राव. आपला कायदा फक्त भारतीय नागरिकाला. आयकॅनकडे जगातला कुणीही मागतो, फी नाही, शिवाय अर्ज आणि उत्तर दोन्ही संकेतस्थळावर चढतात. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने उत्पन्नाचा तपशील मागितला, ते आजही घरबसल्या वाचता येतं. शेजारच्या गल्लीतल्या अर्जाला तुमच्या नगरपालिकेने काय उत्तर दिलं, ते वाचलंय कधी?

आणि रूट झोन, म्हणजे डोमेन नावांची सगळ्यात वरची यादी, खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या डिजिटल किल्लीचा समारंभ थेट दाखवतात, कोण काय करणार ती संहिता आधीच जाहीर असते. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात एल सेगुंडोच्या केंद्रातली तिजोरीच उघडेना. कुलूप बिघडलं होतं. समारंभ चार दिवस पुढे गेला, आणि ही फजिती त्यांनीच जगाला सांगितली. आपल्याकडे 'तांत्रिक कारणास्तव' एवढंच आलं असतं.

नस्ती_उघडा
तिजोरी दाखवतात, मान्य. व्यवहार दाखवतात का? .ऑर्गने संपणाऱ्या डोमेन नावांच्या दरवाढीची मर्यादा जून २०१९ मध्ये उठली. नोव्हेंबरात .ऑर्ग चालवणारी संस्था इथोस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला सुमारे ११३ कोटी डॉलरला विकायला काढली. विक्रीच्या मंजुरीचा अर्ज जाहीर करू का, असं आयकॅनने विचारलं, तर संस्था नको म्हणाली. झालं, दडवणाऱ्याचाच नकाराधिकार! कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलचं पत्र आलं, मग ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने नाही म्हटलं.

ताक_फुंकून
मधेच बोलतो. २०१६ साली स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं तेव्हा घरचा पत्ता, मोबाइल सगळं हूइजमध्ये, म्हणजे डोमेनमालकांच्या जाहीर नोंदवहीत, उघडं. दोन दिवसांत 'सर, वेबसाइट बनवून देऊ का?' म्हणून फोन सुरू. बायको म्हणाली, नंबरच बदला. २०१८ ला युरोपचा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला तेव्हा ते झाकलं गेलं. माणसं झाका, संस्था उघडा, एवढंच माझं म्हणणं. आजवर उलटंच चाललंय.

पोर्ट_त्रेपन्न
ताकभाऊंशी सहमत. .ऑर्गबाबत नस्तीसाहेबांनाही अर्धे गुण. पण त्रयस्थाची हरकत आपल्या कायद्यातही आहे, कलम ११ बघा. आणि सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते, हे दोन्हीकडे लिहिलेलं आहे.

नस्ती_उघडा
लिहिलंय ना! पारडं जड कुठलं हे आपल्याकडे शेवटी आयोग ठरवतो, तिकडे आयकॅन. बाहेरच्या लवादाकडे जायचं तर वकिलांचा खर्च ऐकूनच माणूस गार.

पोर्ट_त्रेपन्न
मग तराजू कुणाच्या हातात देता? सरकारांच्या? २०११ साली भारतानेच संयुक्त राष्ट्रांत इंटरनेटच्या कारभारासाठी ५० देशांच्या समितीचा प्रस्ताव मांडला होता. ती झाली असती तर कुलूप बिघडल्याचं तुम्हाला-मला कळलं असतं का, सांगा.

नस्ती_उघडा
सरकारं नकोतच. पगार आयकॅनचा नसलेली तीन माणसं बसवा, निकाल बंधनकारक करा. बाकी तिजोरी त्यांनीच उघडावी, किल्ली सापडली तर.