मदत हवी आहे: अँटिव्हायरस सतत पासवर्ड मागतोय, उद्या २० तारीख

हिशेबवाली:
कोणीतरी लवकर सांगा. कालपासून विंडोज सिक्युरिटी लॉगिन मागतंय. पिन टाकला, चुकीचा. जीमेलचा पासवर्ड टाकला, तोही चुकीचा. विकतचा अँटिव्हायरस होता, त्याची मुदत गेल्या महिन्यात संपली, पैसे भरले नाहीत, त्याचा राग काढतंय का? तो काढूनही टाकला, तरी तेच. पाच पार्ट्यांचं ३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, बाकी आहे, उद्या शेवटची तारीख.

जुना_कीबोर्ड:
लॉगिन कधी मागतं? चालू केल्या केल्या, की काही उघडल्यावर? ब्राउझरच्या आत की बाहेर? विंडोज १० की ११? त्या चौकटीत काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

वाघोडिया_रोड:
काहीही टाकू नका!! हा फ्रॉड आहे. माझ्या मेहुण्याच्या स्क्रीनवर असंच आलं, वर भोंगा वाजत होता आणि खाली फोन नंबर. त्याने लावला. समोरच्याने गोड बोलून लॅपटॉप ताब्यात घेतला आणि बायकोच्या खात्यातून पैसे गेले. आत्ताच्या आत्ता १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

कमाटीबाग:
ज्यात फोन नंबर असतो ती सूचना मायक्रोसॉफ्टची नसतेच, हे खरं. पण ताईंनी नंबराचं नाव तरी काढलंय का?

हिशेबवाली:
नंबर बिंबर काही नाही. ११ असावं, स्टार्ट मध्यभागी आहे. वर विंडोज सिक्युरिटी लिहिलंय म्हणजे अँटिव्हायरसच ना तो?

पेंग्विनप्रेमी:
विंडोज काढून उबुंटू लिनक्स टाका. सहा वर्षं झाली, अँटिव्हायरस हा शब्दच विसरलोय.

कमाटीबाग:
आणि उद्या हिशेबाची टॅली कशावर चालवायची, तुझ्या पेंग्विनवर?

जुना_कीबोर्ड:
ताई, घोळ नावाचा आहे. ढालीच्या चित्राचं विंडोज सिक्युरिटी उघडलं की आत डिफेंडर दिसतो, तो विंडोजबरोबरच येणारा अँटिव्हायरस. त्याला तपासणी करायला कुठलंही लॉगिन लागत नाही. दुसरा अँटिव्हायरस असला की तो बाजूला होतो, तो काढला किंवा त्याची मुदत संपली की आपोआप पुन्हा कामाला लागतो. म्हणजे तुम्ही उघड्यावर नाही आहात. पण विंडोजला तुमची ओळख पटवून घ्यायची असते तेव्हा जी चौकट येते, तिच्याही डोक्यावर हेच नाव असतं. क्रोममध्ये साठवलेला पासवर्ड बघायला गेलात तरी तीच येते, तिथे तुमचा पिन चालतो. तुमचा चालत नाही, म्हणजे मागणारा दुसराच कोणी आहे. मजकूर टाका हो.

वाघोडिया_रोड:
फुकटच्या अँटिव्हायरसवर धंद्याचा हिशेब ठेवायचा? माझा दुकानदार म्हणतो की तो नुसता शोभेचा.

कमाटीबाग:
दुकानदार दुसरं काय म्हणणार, त्याला डबा विकायचाय. विंडोज ७ मधला डिफेंडर फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्राम, बघायचा, तेव्हा तुमचं म्हणणं ठीक होतं. २०१२ला विंडोज ८ आलं तेव्हापासून तो पुरा अँटिव्हायरस आहे.

माई_दांडियाबाजार:
माझ्या डिफेंडरच्या खाते विभागात पिवळा त्रिकोण येतो, मायक्रोसॉफ्टमध्ये साइन इन करा म्हणतो. करू का? विंडोज १० आहे.

कमाटीबाग:
माई, त्याखाली डिसमिस आहे, ते दाबा, त्रिकोण जाईल. मात्र १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले, त्याचं बघा. वेगळा धागा काढा, इथे ताईंची २० तारीख आहे.

हिशेबवाली:
घ्या. ‘एन्टर नेटवर्क क्रेडेन्शियल्स’. खाली ‘कनेक्ट टू: दादा-पीसी’. टॅली उघडली की येतं. दादा-पीसी म्हणजे खालच्या मजल्यावर भाऊजींचा कॉम्प्युटर, टॅलीचा सगळा डेटा त्याच्यावरच आहे.

जुना_कीबोर्ड:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! तुमचा लॅपटॉप काही मागत नाही, खालचा कॉम्प्युटर विचारतोय, कोण आलंय म्हणून. त्याला तिथल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड हवाय. पिन फक्त ज्या मशिनवर केला तिथेच चालतो, नेटवर्कवर नाही. भाऊजींनी पासवर्ड बदलला का?

हिशेबवाली:
विचारून आले. बदलला नाही म्हणतात, काढून टाकला! रविवारी. रोज टाकायचा कंटाळा. रिकामं ठेवून ओके केलं तर ‘अकाउंट रिस्ट्रिक्शन्स’ असं काहीतरी येतं.

जुना_कीबोर्ड:
सापडला चोर. बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, समोर बसूनच उघडता येतं. भाऊजींना पासवर्ड पुन्हा ठेवायला सांगा. मग तुमच्याकडे कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर, त्यात विंडोज क्रेडेन्शियल्स, तिथली दादा-पीसीची जुनी नोंद काढा. टॅली उघडा. चौकट आली की नावाच्या जागी दादा-पीसी, मग उलटी तिरकी रेघ (\), मग भाऊजींच्या खात्याचं नाव. खाली पासवर्ड. ‘रिमेंबर’वर टिक करायला विसरू नका.

पेंग्विनप्रेमी:
फाइली वाटायला लिनक्सवर सांबा सर्व्हर लावला असता तर

कमाटीबाग:
गप रे.

हिशेबवाली:
चाललं!! दोन पार्ट्या झाल्यासुद्धा. भाऊजी कुरकुरत होते, आता पासवर्ड लिहून मॉनिटरला चिकटवलाय. जुना_कीबोर्ड, रावपुऱ्यात कधी आलात तर सेव उसळ माझ्याकडून.

वाघोडिया_रोड:
तरी १९३०ला कळवून ठेवा. आणि सेव उसळ रावपुऱ्यात कुठली?