स्वादुपिंड : आजीला कळेल असा शब्द आहे का?

आर्वीकडची : आरोग्य केंद्रात पालकांसाठी एक पान लिहून द्यायचं आहे. मुलांचं वारंवार पोट दुखणं, वजन न वाढणं, असा विषय. पॅन्क्रियाजला ‘स्वादुपिंड’ लिहिलं, तर वाचून दाखवताना एक आजी बिथरलीच. "पिंड काहून म्हनता बाई? लेकरू जितं हाय ना!" दुसरा शब्द सुचवा.

शब्दकिडा : शब्दाचा दोष नाही. पिंड म्हणजे गोळा. मूत्रपिंडातही तोच आहे, पण तिथे सगळे किडनी म्हणून मोकळे होतात. हिंदीत ‘अग्न्याशय’ म्हणतात. ऐकायला भारदस्त आहे, पण मूत्राशय, पित्ताशय, गर्भाशय या सगळ्या आतून पोकळ पिशव्या. ही तर पाचकरस करणारी भरीव ग्रंथी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘सगळं मांसच’ असा आहे. तेव्हा मराठी शब्दच जास्त नेमका.

पांढरं सोनं : नेमका असंल दादा, पण बोलते कोन? आमच्याइकडे "पोट्ट्याच्या पॅन्क्रियाले सुजन हाय" असंच सांगून राह्यले लोकं. सोनोग्राफीच्या कागदावरून उतरलेला शब्द हाय तो. तोच लिहा, कंसात स्वादुपिंड टाका.

रात्रपाळी : मी मुलांच्या वॉर्डात काम करते. अवयवाच्या नावानं फारसं अडत नाही. अडतं ते ‘जंत’ आणि ‘गॅस’ या दोन शब्दांनी, कारण पोटाचं काहीही असलं तरी ते यांच्यातच बसवतात. जंत शब्द अगदीच खोटा नाही म्हणा. मोठा गोल जंत कधीकधी पित्ताच्या किंवा स्वादुपिंडाच्या नळीत शिरतो आणि स्वादुपिंडाला खरोखरच सूज आणतो. शाळेतली जंताची गोळी चुकवू नका, हे लिहाच. पण बेंबीच्या वर दुखतं, कळ पाठीत जाते, जेवलं की वाढतं, पोर पुढे वाकून पोट धरून बसतं, असं पुन्हापुन्हा झालं तर रक्तातलं लायपेज-अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचकरसातली द्रव्यं, तपासायला हवं. ते नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर गेलं, तर डॉक्टर गॅसच्या गोळीवर भागवत नाहीत.

शब्दकिडा : आणि ‘मालअ‍ॅबसॉर्प्शन’ला, म्हणजे खाल्लेलं अंगात न शोषलं जाणं याला, काय लिहिणार? कोशात ‘अपशोषण’ आहे. मला तो शोषणाचा भाऊबंद वाटतो.

रात्रपाळी : कोशात कशाला जाता? प्रत्येक आई येऊन तेच सांगते, "खाते मस्त, पन अंगी लागत नाही." आजाराचं इतकं नेमकं वर्णन तुमच्या कोशातही नसेल. या पानात हेच ठळक हवं. आपल्याकडे वाळलेलं लेकरू दिसलं की कुपोषणाचा शिक्का बसतो, आणि कुपोषण म्हटलं की बोट आईकडे. खाऊ घालूनही जे वाळतं, त्याचा पाचकरसच कमी पडत असेल. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात तसंच होतं. डोरोथी अँडरसन यांनी 1938 साली मृत बालकांची स्वादुपिंडं तपासून हा वेगळा आजार आहे हे दाखवलं. त्याआधी यातली बरीच मुलं पोटाच्याच दुसऱ्या एका आजारात,  सिलिअ‍ॅकमध्ये धरली जात. केरळातल्या खडे होणाऱ्या स्वादुपिंडदाहाचंही असंच. आधी संशय कुपोषणावर आणि टॅपिओकावर, म्हणजे साबुदाण्याच्या कंदावर होता. 2000 सालानंतर हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांना अशा बऱ्याच रुग्णांत स्पिंक-1 या जनुकातला बदल सापडला. हे जनुक ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या रसाला लगाम घालतं. लगाम सुटला की रस ग्रंथीलाच पचवायला लागतो. वाळणं हे पुष्कळदा या आजाराचा परिणाम असतो, कारण नव्हे.

कण्या-आंबील : आमचे म्हातारे जुन्या हगवणीला ‘संग्रहणी’ म्हणत. सिलिअ‍ॅक म्हणजे तेच का?

रात्रपाळी : नाही. संग्रहणीत दहा आजार कोंबलेले असतात. सिलिअ‍ॅक गव्हातल्या ग्लुटेनमुळे होतो. ज्वारीत ग्लुटेन नसतं, तेव्हा तुमच्या कण्या अशा मुलाला चालतात. पण तपासणी होण्याआधी गहू बंद करू नका, रक्तचाचणी फसते.

धारणी रोड : मेळघाटासाठी छापणार असाल, तर पोट फुगलं म्हणून डंबा देऊ नका, हे पहिल्या ओळीत घाला. तापलेल्या विळ्याचे चटके अजून देतात.

आर्वीकडची : घातलं. एक वाक्य पाहा : ‘मुलाच्या विष्ठेत स्निग्ध पदार्थ आढळल्यास त्वरित संपर्क साधावा.’

पांढरं सोनं : ताई, हे कोनी वाचन काय? ‘शी तेलकट, लय घान वासाची, पाण्यावर तवंग, धुतली तरी चिकटून राह्यते’ असं लिहा.

रात्रपाळी : हेच छापा. फक्त ‘लय’ काढा.

पांढरं सोनं : काहून? ‘लय’ राहू द्या.