मार्फन: घराण्यात नसलं तरी, आणि अँटिबायोटिकचंही बघा

मार्फन हा शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचा जनुकीय आजार. ‘आमच्या घरात कुणालाच नाही, मग मार्फन कसा असेल’ असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. साधारण चारांतल्या एका रुग्णात एफबीएन१ या जनुकातला, मार्फनला कारण ठरणारा बदल नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांत तो नसतोच. त्या रुग्णाच्या प्रत्येक मुलाला मात्र तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. तेव्हा घराण्यात कुणी नाही म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) टाळू नका. मार्फनमधल्या उंची आणि लांब बोटांवर इथे एवढी चर्चा झाली, पण खरा धोका महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा आहे.

औषधांबद्दल मात्र कुणीच बोललेलं दिसत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही फ्लुरोक्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गाला सर्रास लिहिली जातात. डिसेंबर २०१८मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) इशारा दिला की मार्फन किंवा एलर्स-डानलॉस (असाच ऊतींचा दुसरा आजार) असणाऱ्यांना, दुसरा काहीच पर्याय नसेल तरच, ही द्यावीत. महाधमनी फुगण्याचा किंवा फाटण्याचा धोका वाढतो. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तुटण्याचा ठळक इशारा तर २००८पासूनच आहे. माझ्या मावसभावाला मार्फन आहे. साध्या खोकल्याला हृदयाची फाइल घेऊन कोण जातं? म्हणून तो चिठ्ठी लिहायच्या आधीच डॉक्टरांना सांगतो, आणि बहुतेक वेळा दुसरं औषध मिळतं. कोर्स आधीच चालू असेल तर मनाने बंद करू नका, ज्यांनी दिलाय त्यांना लगेच फोन करा. छातीत किंवा पाठीत अचानक असह्य कळ आली तर फोनही नको, थेट इमर्जन्सी गाठा.