मदत हवी आहे: ईजीएफआर वेस्टर्नमध्ये दिसतो, पण जिवंत पेशींवर फ्लोमध्ये दिसत नाही

नमस्कार. मी परळच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी ईजीएफआर या रिसेप्टरवर (पेशीच्या आवरणात आरपार बसलेले, वाढीचा संदेश घेणारे प्रथिन) काम करते. औषध दिल्यानंतर पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर किती कमी होतो, हे मला फ्लो सायटोमेट्रीने (एकेका पेशीची चमक मोजणारे तंत्र) मोजायचे आहे. पेशीतले एकूण प्रथिन नव्हे, फक्त बाहेर असलेले.

त्यासाठी सशापासून तयार केलेली पॉलिक्लोनल अँटीबॉडी वापरते आहे. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून आणलेल्या ए४३१ या मानवी कर्करोगाच्या पेशींवर हा रिसेप्टर भरपूर असतो, प्रत्येक पेशीवर दहा लाखांहून अधिक. त्यांचा वेस्टर्न ब्लॉट केला (पेशी फोडून, प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधली) की १७० किलोडाल्टनच्या आसपास ठळक बँड येतो. पीएनजेज एफ या विकराने प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या कापल्या की तो अपेक्षेप्रमाणे खाली सरकतो, आणि हॅमस्टरच्या सीएचओ पेशींत, जिथे हा रिसेप्टर जवळपास नसतोच, तो दिसत नाही. त्यामुळे अँटीबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत असेल असे वाटत नाही.

अडचण अशी की त्याच अँटीबॉडीने जिवंत ए४३१ पेशी रंगवल्या, तर आलेख सशाच्या साध्या आयजीजीच्या (ईजीएफआरला न चिकटणाऱ्या अँटीबॉडीच्या) कंट्रोलवरून जराही हलत नाही. पेशी प्रथिने कापणाऱ्या ट्रिप्सिनऐवजी ईडीटीएने सोडवल्या होत्या आणि सगळे रंगकाम बर्फावर, सोडियम अझाइड घातलेल्या बफरमध्ये केले होते. फ्लो सायटोमीटर खारघरला असल्याने रंगवलेल्या पेशी पॅराफॉर्माल्डिहाइडने स्थिर करून, कुर्ल्याला गाडी बदलून न्याव्या लागतात. मात्र त्याच डब्यातून नेलेल्या, पृष्ठभागावरच्या सीडी४४ या दुसऱ्या प्रथिनासाठी रंगवलेल्या पेशी उत्तम सिग्नल देतात, तेव्हा हार्बर लाइनला दोष देता येत नाही. उलट पेशी आधी स्थिर करून सॅपोनिनने आवरणाला छिद्रे पाडली, की ईजीएफआरचाही सिग्नल येतो.

अँटीबॉडीच्या डेटाशीटवर इम्युनोजेन (अँटीबॉडी बनवण्यासाठी सशाला टोचलेला पदार्थ) म्हणून ‘मानवी ईजीएफआरमधील कृत्रिम पेप्टाइड’ एवढेच लिहिले आहे. नवी अँटीबॉडी आयात होईपर्यंत अनुदानाचे वर्ष संपेल. हातात असलेल्या अँटीबॉडीनेच पृष्ठभागावरचा रिसेप्टर मोजता येईल का?

प्रतिसाद १
पेप्टाइड रिसेप्टरच्या आतल्या शेपटीतला असावा. पूर्ण वाढलेल्या ईजीएफआरच्या ११८६ अमिनो आम्लांपैकी ६२१ बाहेर असतात आणि साडेपाचशेच्या आसपास आत. जिवंत पेशीत अँटीबॉडीला आतल्या भागापर्यंत पोहोचताच येत नाही. विक्रेत्याला ईमेल करून पेप्टाइडचा अमिनो आम्लांचा क्रम मागा. पूर्ण क्रम सांगायला ते बहुधा तयार नसतात, पण प्रथिनाचा कोणता भाग हे सांगतात.

प्रतिसाद २
वरील निदानाशी सहमत आहे, तरी सॅपोनिननंतरचा सिग्नल हा त्याचा पक्का पुरावा मानू नये, कारण छिद्रे पाडल्यावर पेशीच्या आत तयार होत असलेला रिसेप्टरही रंगतो.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे; फक्त फ्लोचा आग्रह सोडावा लागेल. जिवंत पेशींवर, बर्फावरच, सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन (प्रथिनांना बायोटिनची खूण लावणारा अभिकर्मक) टाका. हे रसायन आवरणातून आत शिरत नाही, त्यामुळे केवळ बाहेरच्या प्रथिनांना बायोटिन लागते. बफर पीबीएसच (फॉस्फेटचे खारे द्रावण) ठेवा, कारण ट्रिस किंवा ग्लायसिन असेल तर अभिकर्मक त्यांच्यावरच खर्ची पडतो. काम झाल्यावर मात्र उरलेला अभिकर्मक निकामी करण्यासाठी नेमके तेच वापरायचे. मग पेशी फोडून, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाविडिनच्या मण्यांवर बायोटिन लागलेली प्रथिने ओढा आणि आपल्याच अँटीबॉडीने ब्लॉट करा. ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडलेले असते, त्यामुळे एपिटोप (अँटीबॉडी चिकटते तो भाग) मुळात आत होता की बाहेर, याने फरक पडत नाही.

त्याच ब्लॉटवर जीएपीडीएच हे पेशीच्या आत असणारे प्रथिन तपासणे आवश्यक आहे. मण्यांवरून उतरवलेल्या नमुन्यात तो दिसला, तर पेशी मेलेल्या किंवा फाटलेल्या होत्या आणि बायोटिन आत शिरले असे समजावे. बायोटिन न दिलेल्या पेशींचा नमुनाही सोबत चालवा, म्हणजे मण्यांना आपोआप काय चिकटते ते कळेल.

प्रत्येक पेशीचे वेगळे मोजमाप हवेच असेल, तर फ्लोसाठी फ्लुरोसंट ईजीएफ (या रिसेप्टरवर बसणारे संदेशवाहक प्रथिन, चमकणारा रंग जोडलेले) वापरून पाहता येईल. त्याला अँटीबॉडी लागत नाही. पण रंगवताना पेशी शून्य ते चार अंश सेल्सियसवरच ठेवाव्यात, नाहीतर ईजीएफ बसताच रिसेप्टर आत ओढला जातो. शिवाय आपले औषध ईजीएफच्याच जागी बसणारे असेल, तर सिग्नल कमी झाला म्हणून रिसेप्टर कमी झाला असे म्हणता येणार नाही. आपले औषध कोणत्या प्रकारचे आहे?

धागाकर्ती
दोघांचेही आभार. औषध रिसेप्टरच्या आतल्या किनेज (फॉस्फेट जोडणाऱ्या) भागावर काम करणारे आहे, बाहेरच्या भागाला चिकटणारे नाही. बायोटिनचा अभिकर्मक शेजारच्या प्रयोगशाळेत आहे, तेव्हा आधी तोच प्रयोग करते. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींची तुलना करताना मण्यांवरच्या बँडला एकूण ईजीएफआरने भागावे, की पृष्ठभागावरच्या दुसऱ्या एखाद्या प्रथिनाने?

प्रतिसाद २
दोन्ही करा. एकूण ईजीएफआरने भागल्यास बाहेर किती अंश आहे ते कळते. औषधाने एकूण प्रथिनच घटले असेल, तर मात्र त्या गुणोत्तरात ते लपते. म्हणून औषधाने न बदलणारे पृष्ठभागावरचे प्रथिन, उदाहरणार्थ सोडियम-पोटॅशियम एटीपेज, त्याच ब्लॉटवर घ्यावे.