आवाज हळूहळू सरकत असल्यास फ्रेमरेट तपासावा

घणसोलीतील साखरपुड्याचे मोबाइलवरचे चित्रण टीव्हीसाठी रूपांतरित केल्यावर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण शेवटाकडे मेळ पार बिघडतो, अशी आपली तक्रार आहे. त्यावर आवाज अर्धा सेकंद सरकवावा असे एकाने सुचवले आहे, पण तेवढ्याने ती दूर होईल असे मला वाटत नाही. फरक पहिल्या मिनिटापासून तेवढाच असेल तरच तो उपाय लागू पडतो. वाढत जाणारा फरक बहुधा बदलत्या फ्रेमरेटमुळे (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांच्या, म्हणजे फ्रेमच्या, संख्येमुळे) येतो: सभागृहातील कमी प्रकाशात अनेक मोबाइल सेकंदाला ३० ऐवजी २४-२५ फ्रेमच टिपतात, आणि रूपांतर करणारे काही प्रोग्राम मात्र वेग सर्वत्र सारखाच आहे असे गृहीत धरतात. मूळ फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून फ्रेमरेट मोडपुढे 'व्हेरिएबल' (बदलता) दिसते का ते पाहावे. दिसल्यास हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममध्ये ३० फ्रेम आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (स्थिर वेग) निवडून मूळ फाइलवरूनच पुन्हा रूपांतर करावे, कारण रूपांतरित प्रतीवर प्रयोग करत राहिल्यास प्रत्येक वेळी दर्जा आणखी घसरतो (मूळ फाइल अजून पुसलेली नसावी, ही आशा). तपासताना पहिली दोन मिनिटे पाहून समाधान मानू नये. फरक साचत जात असल्याने थेट शेवटचा एखादा प्रसंग, शक्यतो टाळ्यांचा, पाहावा.