मदत हवी आहे: उकडलेलं अंडं परत पातळ का होत नाही, हे मण्यांनी कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला घरीच बारावीच्या मुलांची शिकवणी घेते. परवा प्रथिनांची रचना शिकवताना तुळशीबागेतून आणलेले रंगीत मणी तारेत ओवून नेले. एक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक घटक), मण्यांचा क्रम म्हणजे प्राथमिक रचना. तार पेन्सिलीवर गुंडाळली की अल्फा हेलिक्स (साखळीची स्प्रिंगसारखी गुंडाळी), एका वेढ्यात साधारण ३.६ मणी. इथवर छान जमलं.

मग एकीने विचारलं, "मॅडम, अंडं उकडल्यावर अमिनो आम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध तुटत नाहीत, क्रम तोच राहतो. मग गार झाल्यावर ते पुन्हा पातळ का होत नाही?" फार चांगला प्रश्न! ॲनफिन्सेन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगात १२४ अमिनो आम्लांचं रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन उलगडल्यावरही आपोआप मूळ घडीत आलं होतं. मी सांगितलं की अंड्यात दाटीवाटी असते, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींतच अडकतात, गंधकाचे बंधही जुळतात. तिला ते पटलं नाही.

पाण्यापासून दूर राहू पाहणारी अमिनो आम्लं, ज्यांच्यामुळे उलगडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात, ती मण्यांनी कशी दाखवायची? लोहचुंबक वापरू का? कुणी वर्गात करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. गुरुवारी हीच बॅच आहे.