विजयानंतरचे टप्पे मोजताना शूटआउट, पुढे चाल आणि स्वयंगोल कसे धरावेत?

नोंदवहीवाला

नमस्कार. मी चिपळूण परिसरातील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा विद्यार्थी व्यवस्थापक आहे. खेळाडू म्हणून निवड झाली नाही, म्हणून हाती नोंदवही आली, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या आठवड्यात आमच्या संघाने खाडीपलीकडच्या एका महाविद्यालयाचा ३-१ असा पराभव केला. परतीच्या पावसाने कातळावरच्या मैदानात जागोजागी तांबडे पाणी साचले होते. तिसऱ्या गोलाच्या वेळी चेंडू पेनल्टी क्षेत्रातल्या अशाच एका डबक्यात थबकला आणि त्यांचा गोलरक्षक झेप घेऊन थेट पुढे घसरत गेला. आमच्या डाव्या बगलेच्या खेळाडूने घाई न करता बुटाच्या टोकाने चेंडू पाण्यातून उचलून त्याच्या अंगावरून जाळ्यात टाकला. असा गोल मी प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिला.

विजयानंतर आमच्या क्रीडाशिक्षकांनी मला दर्शनी फलकासाठी आणि वार्षिक अंकासाठी संघाच्या टप्प्यांचा मजकूर तयार करण्यास सांगितले. पहिल्या मसुद्यात मी असे लिहिले की, हा संघाचा ५०वा विजय आहे, संघाचे १०२ गोल झाले आहेत, कर्णधाराच्या नावावर ३० गोल आहेत आणि गोलरक्षकाच्या १२ क्लीन शीट (एकही गोल न स्वीकारलेले सामने) झाल्या आहेत. फलक रंगाने लिहायचा असल्यामुळे पुन्हा एकदा बेरीज करून पाहिली आणि तिथेच सगळे बिनसले.

५० विजयांमध्ये दोन सामने बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटवर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी मारून, जिंकलेले आहेत आणि एका सामन्यात समोरचा संघ पोहोचलाच नाही म्हणून आम्हाला पुढे चाल मिळाली होती. त्या सामन्याचा निकाल आम्ही ३-० असा धरला आहे. कर्णधाराच्या ३० गोलांमध्ये शूटआउटचे २ आणि उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर गावच्या मंडळाबरोबर सात-सात जणांत खेळलेल्या सामन्यांतले ४ गोल आहेत. शिवाय त्याचा एक फटका प्रतिस्पर्धी बचावपटूच्या गुडघ्याला लागून आत गेला होता. तो कर्णधाराचा धरावा की स्वयंगोल (बचावपटूकडून स्वतःच्याच जाळ्यात गेलेला गोल), यावर संघात अजून दोन तट आहेत.

सर्वांत अवघड बाब जुन्या नोंदींची आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची तळमजल्यावरची क्रीडा विभागाची खोली पाण्याखाली गेली आणि त्याआधीच्या वह्यांचा लगदा झाला. ५० पैकी १६ विजय त्या काळातले आहेत आणि ते केवळ माजी खेळाडूंच्या सांगण्यावरून लिहिलेले आहेत. गोल, कर्णधार आणि क्लीन शीट यांचे आकडे मात्र २०२१-२२ पासूनच्या वहीतले आहेत. या सगळ्यातून प्रामाणिक आकडा कसा काढावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शिट्टी आणि घड्याळ

मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षे पंच म्हणून काम केले आहे, त्यामुळे आधी पंचाच्या बाजूने लिहितो.

शूटआउटबद्दल मनात शंका ठेवू नका. फुटबॉलच्या नियमांनुसार शूटआउट हा सामन्याचा भाग नसतो. बरोबरीत संपलेल्या सामन्यानंतर पुढे कोणी जायचे किंवा चषक कोणाला द्यायचा, एवढेच त्यातून ठरते. ही पद्धत नियमपुस्तकात १९७० मध्ये आली. त्याआधी काही वेळा नाणे उडवून निर्णय होत असे; १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातली उपांत्य लढत अशीच नाणेफेकीवर सुटली होती. नाणेफेक जिंकली म्हणून इटलीच्या खात्यात कोणी गोल लिहिला नाही, तसेच शूटआउटचेही आहे. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आकडेवारीत ३-३ असा बरोबरीचाच आहे. फ्रान्सच्या एम्बापेने त्या शूटआउटमध्येही चेंडू जाळ्यात मारला, तरी स्पर्धेतले त्याचे गोल आठच राहिले. म्हणून तुमच्या कर्णधाराचे ते दोन गोल वजा करा, आणि ते दोन विजय ‘बरोबरी, शूटआउटवर आगेकूच’ अशा वेगळ्या रकान्यात न्या. सामना चालू असताना मिळालेल्या पेनल्टीवरचा गोल मात्र पूर्णपणे धरायचा असतो. ही गल्लत वह्यांमध्ये फार वेळा दिसते.

पुढे चाल मिळालेल्या सामन्याचे ३-० हे गुणतक्त्यासाठी ठीक आहे, कारण स्पर्धेच्या नियमांत तसे असेल तर गोलफरकासाठी काही तरी आकडा लागतोच. तथापि ज्या सामन्यात चेंडू मध्यरेषेवरून हललाच नाही, त्यात गोल कोणी केले आणि क्लीन शीट कोणी राखली? फलकावरच्या गोलांतून ते तीन काढून टाका, आणि गोलरक्षकाच्या १२ मध्ये तो दिवस धरला असेल तर तोही काढा. त्या दिवशी तो बहुधा बाकावर बसून वडापाव खात होता.

आता पुराव्याविषयी. सामन्याचा निकाल आणि गोल झाला की नाही, या बाबतीत पंचाचा निर्णय अंतिम असतो आणि पंचाचा अहवाल हाच मूळ दस्तऐवज असतो. मैदानावरच्या फलकावर विसंबून राहू नका. ११ एप्रिल २००१ रोजी कॉफ्स हार्बर येथे ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला हरवले, तेव्हा गोलांचा असा पाऊस पडला की फलक लिहिणाराच चुकला आणि फलकावर ३२-० असे झळकले. पुढे पंचांची नोंद पाहून ते ३१-० असे दुरुस्त झाले आणि आर्ची थॉम्पसनच्या नावावर १३ गोल राहिले. आंतरराष्ट्रीय सामन्यात जर असे घडते, तर पावसात छत्री मानेत धरून लिहिलेल्या वहीचे काय सांगावे? स्पर्धेच्या आयोजकांकडे पंचांच्या अहवालांच्या प्रती असतात. त्या मागवून घ्या आणि वहीतला प्रत्येक निकाल त्यांच्याशी ताडून पाहा.

रेडीचा वारा

पंचकाकांच्या म्हणण्याशी सहमत आहे, पण मैत्रीपूर्ण सामन्यांचा मुद्दा त्यांनी सोडून दिला आणि खरे भांडण तिथेच असते, म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले, गोव्याच्या वेशीवरचे, त्यामुळे असली भांडणे आमच्याकडे चहाबरोबर मिळतात.

१९ नोव्हेंबर १९६९ रोजी ब्राझीलमधील माराकाना मैदानावर वास्को द गामा या संघाविरुद्ध पेनल्टीवर पेलेने हजारावा गोल केला, तेव्हा लोक मैदानात धावत आले आणि सामना थांबवावा लागला. त्याच्या कारकिर्दीचे एकूण १,२७९ गोल सांगितले जातात, पण त्यांत दौऱ्यांवरचे मैत्रीपूर्ण सामने आणि लष्करी संघाकडून खेळलेले सामनेही आहेत. केवळ अधिकृत सामने धरले, तर आकडा हजाराच्या बराच खाली येतो. ब्राझीलच्याच रोमारियोने २००७ मध्ये हजारावा गोल साजरा केला, त्यातही कुमार गटातले आणि मैत्रीपूर्ण सामन्यांतले गोल मिसळलेले होते. या दोघांच्या थोरवीबद्दल कोणालाच शंका नाही. तरीही त्या हजाराचा उल्लेख आला की मागोमाग एक ‘पण’ येतो, आणि तुमच्या कर्णधाराच्या तिसाचेही तसेच होईल.

याचा अर्थ ‘मैत्रीपूर्ण’ हा शब्द दिसला की गोल खोडावा, असा नाही. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्ध सुनील छेत्रीने केलेला ९५वा आंतरराष्ट्रीय गोल मैत्रीपूर्ण सामन्यातलाच होता आणि तो सर्वत्र धरला जातो, कारण तो दोन देशांच्या मुख्य संघांमधला, पूर्ण नियमांनी आणि नेमलेल्या पंचांसमोर झालेला सामना होता. पाहायचे ते हे. तुमच्याकडचा सामना अकरा-अकरा जणांत, पूर्ण वेळेचा, महाविद्यालयाच्या नावाने आणि पंचासमोर झाला असेल, तर तो मैत्रीपूर्ण म्हणून वेगळ्या रकान्यात जरूर लिहावा. किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी चपलांचे खांब करून खेळलेला सात जणांचा सामना कितीही रंगला, तरी तो या वहीत बसत नाही. ते चार गोल त्याच्या मित्रांनी लक्षात ठेवावेत.

गुडघ्याला लागून गेलेल्या चेंडूविषयी प्रचलित संकेत असा आहे की, फटका मुळात गोलाच्या चौकटीत जात असेल आणि बचावपटूला लागून दिशा बदलून आत गेला, तर गोल फटका मारणाऱ्याचा असतो. चौकटीबाहेर जाणारा चेंडू बचावपटूमुळे आत वळला, तर स्वयंगोल होतो. त्या दिवशी पंचांनी कोणाचे नाव लिहिले, ते पाहा आणि वाद तिथेच मिटवा, कारण दोन वर्षांनी आठवणीतला चेंडू प्रत्येकाच्या सोयीने वळतो.

एक युक्ती सांगतो. जमाखर्चाची वही जशी जुळवतात, तशी ही वही जुळवा. सर्व खेळाडूंचे गोल आणि प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या बाजूने केलेले स्वयंगोल यांची बेरीज ही प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांच्या निकालांतल्या एकूण गोलांइतकी आली पाहिजे. स्वयंगोल संघाच्या खात्यात जमा होतो, आपल्या कोणत्याही खेळाडूच्या नाही. एका गोलाचाही फरक राहिला तर कुठे तरी गोल गळला आहे किंवा दोनदा लिहिला गेला आहे, असे समजून शोध घ्यावा.

माजी बचावपटू

वरच्या चर्चेत एक गोष्ट कोणीच विचारलेली नाही. ‘संघाचा ५०वा विजय’ म्हणजे कोणत्या संघाचा? महाविद्यालयात मुलींचा संघ असेल, तर फलकावर ‘पुरुष संघ’ असे स्पष्ट लिहावे आणि मुलींच्या संघाची वही स्वतंत्र ठेवावी. आमच्या वेळी आमचे सामने मुलांच्या वहीच्या शेवटच्या दोन पानांवर पेन्सिलीने लिहिलेले असत, आणि पुढे त्या पानांवर कोणी तरी एसटीच्या भाड्याचा हिशेब मांडला.

दुसरे असे की, विजय एका काळापासून आणि गोल दुसऱ्या काळापासून मोजून ते एकाच फलकावर शेजारी लिहिणे योग्य नाही. वाचणारा ५० विजय आणि १०२ गोल पाहून सहज भागाकार करेल आणि सामन्यामागे दोनच गोल करणारा संघ म्हणून तुम्हाला हसेल. पुराआधीचे १६ विजय खोटे आहेत असे मी म्हणत नाही. ज्यांची वर्तमानपत्रातली कात्रणे किंवा प्रमाणपत्रे मिळतील, ते विजय जुन्या काळाच्या वेगळ्या पानावर लावावेत. माजी खेळाडूंच्या घरी लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रे निघतात, असा माझा अनुभव आहे, आणि त्यांवर स्पर्धेचे वर्ष असते.

क्लीन शीटबाबत माझे थोडे वेगळे मत आहे. ती आधी संघाची असते आणि मग गोलरक्षकाची. चार बचावपटू चिखलात लोळतात, तेव्हा ती टिकते. म्हणून संघाचा आकडा मुख्य लिहावा आणि गोलरक्षकाचा त्याखाली द्यावा. सामन्यात दोन गोलरक्षक खेळले असतील, तर श्रेय कोणाला द्यायचे, याचा एकच सर्वमान्य नियम नाही. वेगवेगळ्या स्पर्धा वेगवेगळा नियम लावतात. तुम्ही एक नियम ठरवा, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग कोणासाठीही बदलू नका.

शिट्टी आणि घड्याळ

ताईंचे म्हणणे पटले. दोन गोलरक्षकांच्या बाबतीत मी पूर्ण सामना खेळलेल्यालाच श्रेय देतो, पण त्यांचा संघाचा आकडा वर ठेवण्याचा मार्ग अधिक न्याय्य आहे.

एक विसरलो होतो. सामना शून्य-शून्य बरोबरीत संपून शूटआउटवर हरला असाल, तरी ती क्लीन शीट धरावी. शूटआउट विजयात धरायचा नाही, तसा पराभवातही धरायचा नाही.

नोंदवहीवाला

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस क्रीडाशिक्षकांच्या टेबलावर बसून पंचांचे अहवाल आणि आमची वही ताडून पाहिली. ओल धरून चिकटलेली पाने पट्टीने सोडवावी लागली, आणि एका सामन्यात शाई पसरून १ चा ७ झाला होता. आम्ही ती लढत ७-० अशी जिंकली म्हणून वर्षभर मिरवत होतो. सुदैवाने बेरीज करणाऱ्याने त्या वेळी १ च धरला होता.

२०२१-२२ पासूनच्या ३४ विजयांपैकी शूटआउटचे २ आणि पुढे चाल मिळालेला १ वगळता प्रत्यक्ष विजय ३१ राहिले. पुढे चालीचे तीन गोल काढल्यावर निकालांतले एकूण गोल ९९ झाले, पण खेळाडूंचे ९७ आणि स्वयंगोल ३ मिळून बेरीज १०० येत होती. रात्री उशिरापर्यंत शोधल्यावर कळले की, गुडघ्याला लागून गेलेला तोच गोल कर्णधाराच्या नावावरही होता आणि स्वयंगोलांतही होता. पंचांच्या अहवालात कर्णधाराचे नाव आहे, त्यामुळे स्वयंगोल २ झाले आणि दोन्ही बाजू ९९ वर जुळल्या. कर्णधाराचे गोल २४ राहिले. हे त्याला सांगताना मला धाकधूक होती, पण त्याने एवढेच विचारले की, किनाऱ्यावरचा तो डाव्या पायाचा गोलही गेला का.

क्लीन शीट संघाच्या ११ झाल्या. पुढे चालीची एक कमी झाली आणि शूटआउटवर हरलेल्या सामन्याची आधीच धरलेली होती. त्यांपैकी १० सामने मुख्य गोलरक्षक पूर्ण वेळ खेळला आहे. पुराआधीच्या १६ पैकी ५ विजयांची कात्रणे आणि प्रमाणपत्रे आतापर्यंत मिळाली असून ती वेगळ्या पानावर चिकटवली आहेत.

फलकावर आता ‘पुरुष संघ, २०२१-२२ पासूनच्या नोंदींनुसार ३१वा विजय’ असे लिहिले आहे. मुलींच्या संघासाठी नवी वही आणली आहे आणि तिला प्लास्टिकचे वेष्टन घातले आहे. दोन्ही वह्या पहिल्या मजल्यावरच्या कपाटात हलवल्या आहेत. गोलांची ओळ क्रीडाशिक्षकांनी कोरी ठेवायला सांगितली आहे, कारण शंभरावा गोल अजून व्हायचा आहे आणि पुढचा सामना येत्या गुरुवारी आहे. त्या दिवशी छत्री धरायला एक वेगळा माणूस द्यावा, अशी विनंती मी केली आहे.